एका दिवसाचे पंतप्रधान, वीस वर्षांचे एसीपी

आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊनच बसा.

आपल्या दादरा-नगर हवेलीच्या इतिहासात एक भूमिका फक्त एक दिवस चालली. नवीन पिढीला हे माहीत नसतं, म्हणून आधी तेच सांगतो. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. पुढची सात वर्षं इथला कारभार वरिष्ठ पंचायत बघत होती. पोर्तुगीज गेलेले, पण कागदोपत्री आपण अजून भारतात नाही, अशी गंमत. 1961 मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायची वेळ आली. नेहरूंच्या समोर, त्यांच्या बरोबरीच्या पदावरून सही करणारा माणूस हवा होता. तेव्हा इथे काम बघणारे आयएएस अधिकारी के. जी. बदलानी यांना 11 ऑगस्ट 1961 या एका दिवसासाठी पंतप्रधान केलं. त्यांनी सही केली आणि त्यांची भूमिका संपली.

त्याच मुक्तिलढ्यात आपले सुधीर फडके होते. बाबूजी काही शिपाईगडी नव्हेत, पण आले, जीव धोक्यात घातला, काम झालं तसे परत आपल्या गाण्याकडे गेले. नंतर आठच महिन्यांनी, 1 एप्रिल 1955 ला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि त्याचे कार्यक्रम मात्र ते पुढे आयुष्यभर करत राहिले. एकाच माणसानं एक भूमिका काही आठवड्यांत सोडली आणि दुसरी मरेपर्यंत धरून ठेवली, आणि दोन्ही वेळा ते बरोबरच होते असं मला वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गणपतीच्या मंडपात परवा रंगलेला वाद. विषय काय, तर मालिकेतल्या नटानं एका भूमिकेत किती वर्षं राहावं! एक बाजू म्हणाली, पाच वर्षं बास, त्यानंतर माणूस लाकूड होतो. दुसरी बाजू म्हणाली, लोकांना आवडतंय तोवर राहावं, चालू दुकान कोण बंद करतो? मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण आरतीची वेळ झाली होती. आता लिहितो.

या प्रश्नाचा पहिला धडा आपल्या अगदी जवळ आहे. वापीहून मुंबईच्या बाजूला निघालं की करंबेली, भिलाड, संजाण आणि मग उंबरगाव. तिथल्या वृंदावन स्टुडिओत रामानंद सागरांच्या ‘रामायण’चं चित्रीकरण झालं. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988, एकूण 78 भाग. त्या काळात इथे कारखान्यांसाठी आलेल्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी रविवारी सकाळी पायरीपासून चपला लागायच्या. अँटेना फिरवायला एक मुलगा गच्चीवर, एक जिन्यात, आणि खालून ‘आलं, आलं, गेलं!’ अशा हाका. आपण ज्यांना हात जोडतोय ती मंडळी इथून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर, समुद्राच्या दमट हवेत, मुकुट घालून घाम पुसताहेत, हे तेव्हा कितीजणांच्या डोक्यात आलं असेल कोण जाणे.

अरुण गोविल राम झाले ते जेमतेम दीड वर्ष. मालिकावाल्यांच्या हिशेबात हे काहीच नाही, आजकाल दीड वर्षात तर नायक-नायिकेचं लग्नसुद्धा धड होत नाही. पण त्यांना दुसऱ्या कुठल्या भूमिकेत लोकांनी मनापासून स्वीकारलं नाही. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं मालिका पुन्हा दाखवली आणि तेहतीस वर्षांनी तेच, तसेच राम घराघरात आले. 2024 मध्ये ते मेरठहून खासदार झाले, तेव्हाही प्रचारात लोकांना दिसत होता तो रामच. म्हणजे नटानं भूमिका सोडली तरी भूमिका नटाला सोडेलच असं नाही. वर्षं मोजणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

त्याच सेटवर आपली माणसंही होती. कौसल्या होत्या जयश्री गडकर. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ मध्ये ज्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला फेट्यासकट डोलायला लावलं, त्या इथे रामाच्या आई झाल्या आणि दशरथ झाले त्यांचेच यजमान बाळ धुरी. भरत संजय जोग. आणि मंथरा? ललिता पवार! येवल्याची ही बाई. 1942 च्या सुमारास सेटवर बसलेल्या एका थपडेनं डोळ्याला इजा झाली, नायिकेच्या भूमिका हातून गेल्या. मग जी खाष्ट सासू त्यांच्या वाट्याला आली ती त्यांनी दशकानुदशकं केली. सिनेमे वेगळे, साड्या वेगळ्या, सासू तीच. त्यांना कुणी ‘आता पुरे’ म्हणालं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं? मला वाटतं, त्यांनी आधी विचारलं असतं, मग मी काय करू ते सांगा.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी तो बालगंधर्वांच्या निमित्तानं होऊन गेला. 1911 ला ‘मानापमान’ची भामिनी, 1916 ला ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, 1919 ला ‘एकच प्याला’ची सिंधू. पंचविशी-तिशीतल्या नारायणराव राजहंसांनी लुगडं कसं नेसावं हे महाराष्ट्रातल्या बायकांना शिकवलं असं आमची आजी सांगायची. पण पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करत राहिले. शरीर सुटलं, रंगभूमीवर खऱ्या स्त्रिया आल्या, बोलपट आला. जुने रसिक डोळे मिटून ऐकायचे, कारण गळ्यात अजून काहीतरी शिल्लक होतं. काहीजण हळहळायचे, काहीजण चेष्टा करायचे. चेष्टा करणाऱ्यांना नाटक कंपनीवरच्या कर्जाशी काही देणंघेणं नव्हतं. रंगमंचावर अस्सल अत्तर आणि भारी शालू यांच्याशिवाय उभं न राहणारा हा माणूस हिशेबात कच्चा होता, आणि हुकमी चालणारं नाणं त्याच्याकडे एकच होतं.

याच्या अगदी उलट प्रभाकर पणशीकर. 1962 मध्ये अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं आणि निपाणीचा तो तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे पंतांनी दोन हजारांच्या वर प्रयोगांत, कित्येक दशकं केला. लखोबात ते अडकले का? अजिबात नाही. कारण आज लखोबा, तर उद्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ मधला औरंगजेब, परवा ‘अश्रूंची झाली फुले’ मधले विद्यानंद. शिवाय लखोबा स्वतःच एका नाटकात पाच सोंगं घेणारा. नाटकाच्या नटाला एका भूमिकेत पन्नास वर्षं राहता येतं, कारण तो रोज रात्री त्या भूमिकेतून बाहेर पडतो. प्रयोग झाला, रंग उतरवला, गाडीत बसून बटाटेवडा खाल्ला, की दुसऱ्या गावाला निघाला.

रोजच्या मालिकेत ही सोय नाही. दिवसाचे बारा-बारा तास, महिन्यातले बहुतेक दिवस, तेच घर, तोच जिना, तीच साडी. उद्याचा प्रसंग काय ते कधी कधी त्याच दिवशी कळतं. नाटकाच्या नटाला शेवट माहीत असतो, मालिकेतल्या नटाला तो माहीत नसतो आणि लिहिणाऱ्यालाही नसतो! ऐतिहासिक मालिकांचं त्यातल्या त्यात बरं. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ करताना अमोल कोल्हेंना कथा कुठे संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. घरगुती मालिकेत मात्र ‘होणार सून’ मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की गावभर विनोद झाले. हसलो आपण, पण रोज सेटवर जाऊन ते पोट बांधायचं काम त्या मुलीला होतं.

आपल्याकडे दीर्घ मुक्कामाचा खरा नमुना म्हणजे ‘चार दिवस सासूचे’. 2001 ला सुरू झाली आणि 2013 च्या जानेवारीत संपली, तीन हजारांच्या वर भाग. नाव चार दिवसांचं आणि मुक्काम बारा वर्षांचा! सिल्वासात तेव्हा मराठी वाहिनी दिसणं हीच लढाई होती. आमच्या भागातला केबलवाला म्हणायचा, ‘अहीं मराठी कोण जुए छे?’ चाळीस घरांच्या सह्यांचा अर्ज दिला तेव्हा ईटीव्ही मराठी दिसायला लागली, तीही मुंग्यांसकट. त्यामुळे रोहिणी हट्टंगडींच्या आशालता देशमुख या इथल्या बायकांच्या दृष्टीनं नुसती सासू नव्हती, रोज संध्याकाळी अर्धा तास माहेरची भाषा ऐकवणारी बाई होती. आमच्या शेजारच्या काकू त्या बारा वर्षांत स्वतः सुनेच्या सासू झाल्या.

रोहिणीताईंनी 1982 च्या ‘गांधी’ मध्ये कस्तुरबा केल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या, आणि त्या एका सिनेमात तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य जगल्या. अशा अभिनेत्रीनं बारा वर्षं एकाच वाड्यात का घालवावीत, असं तेव्हा मलाही वाटायचं. पण त्याच काळात त्यांनी ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ मधली आई केली, इतरही कामं केली. आशालता त्यांच्या घराला भाडं देणारी खोली होती, अख्खं घर नव्हतं. शिवाय सासूची भूमिका वय मान्य करते. बारा वर्षांत केस पांढरे झाले तर सासूचं काही बिघडत नाही.

इथे मला माझं मत सापडतं. भूमिकेला वाढू दिलं जात असेल तर नटानं खुशाल राहावं. भूमिका एका जागी खिळवून ठेवली असेल तर नटाचं वय आणि भूमिकेचं वय यांतली फट दरवर्षी रुंदावते आणि ती भरायला नट स्वतःच्या अंगातलं काढून देतो.

उदाहरण रोजचंच आहे. ‘तारक मेहता’ सुरू झाली जुलै 2008 मध्ये. मूळ तारक मेहतांचा ‘चित्रलेखा’ मधला गुजराती स्तंभ, म्हणून आपल्या गुजराती शेजाऱ्यांचा तिच्यावर घरचा हक्क. आणि त्यांच्या लेखी मराठी माणूस म्हणजे आत्माराम तुकाराम भिडे! सोसायटीत मेंटेनन्सचा विषय काढला की मला आजही ‘आवो भिडेमास्तर’ म्हणतात. मंदार चांदवडकर शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर, दुबईतली नोकरी सोडून नाटकाच्या ओढीनं परत आले. इथल्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या आपल्यातल्या किती इंजिनिअरांना हे करावंसं वाटलं असेल आणि कितीजणांनी केलं नाही!

आता गंमत बघा. भिडे तेच, माधवी सोनालिका जोशी त्याच, पण त्यांची मुलगी सोनू चौथी आहे. झील मेहता, मग निधी भानुशाली, मग पलक सिंधवानी, मग खुशी माळी. आईबाप जागच्या जागी आणि मुली येतात, मोठ्या होतात, जातात. मुली गेल्या याचं मला नवल नाही, त्यांना पुढचं शिक्षण होतं, आयुष्य होतं. दिशा वकानी 2017 मध्ये बाळंतपणासाठी गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि तेव्हापासून दयाबेन कधी येणार याची वाट पाहणारे लोक आहेत. अहो, त्यांची मुलं शाळेत जायला लागली! पण दुसरी बाजू नट्टूकाकांची. घनश्याम नायक गुजराती भवाईच्या घराण्यातले, आयुष्यभर छोटी छोटी कामं केलेले. नाव आणि चार पैसे हाताशी आले ते या एका भूमिकेनं, म्हातारपणी. कर्करोगाचे उपचार चालू असतानाही ते कामावर येत राहिले, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांना ‘पाच वर्षं बास’ कोण सांगणार?

‘माझ्या नवऱ्याची बायको’ मध्ये आणखी वेगळंच झालं. शनाया करणारी रसिका सुनील 2018 मध्ये शिकायला अमेरिकेला गेली, ईशा केसकर आली, आणि 2020 मध्ये रसिका परत त्याच भूमिकेत आली. जग बुडालं नाही. प्रेक्षकांनी आठवडाभर कुरकूर केली आणि जेवायला वाढून घेतलं.

आता आपल्या गावाची गोष्ट. एप्रिल 2021. करोनाची दुसरी लाट, महाराष्ट्रात चित्रीकरणं बंद. मालिका थांबवली की प्रेक्षक जातो, आणि रोजंदारीवरच्या शेकडो माणसांची चूल थांबते. म्हणून मराठी मालिकांची बिऱ्हाडं सीमेबाहेर निघाली. कुणी गोव्यात, कुणी दमणला, कुणी बेळगावला, आणि ‘आई कुठे काय करते’ व ‘माझा होशील ना’ आपल्या सिल्वासाला. ज्या भाषेसाठी आपण केबलवाल्याच्या पाया पडलो ती मालिका चालत आपल्या दारात आली, आणि आपण घरात कोंडलेलो. त्यांनाही बाहेर पडायला बंदी, आपल्यालाही आत जायला. संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर झाडं दिसायची आणि घरातल्या बायका म्हणायच्या, ‘ही आपलीच झाडं बरं का.’

त्या दिवसांत आमच्या घरी पहिल्यांदा बोलणं झालं ते अरुंधतीबद्दल नाही, मधुराणी प्रभुलकरांबद्दल. घर पुण्यात, काम मुंबईत, मुलगी लहान, आणि आता ही बाई घरच्यांना सोडून आपल्या गावात, बाहेर रोज माणसं जाताहेत अशा काळात, आई कुठे काय करते याचं उत्तर देत बसलीय. भूमिकेत किती काळ राहायचं हा प्रश्न तेव्हा आम्हाला नुसत्या चवीचा वाटेनासा झाला. त्या मालिकेची मूळ कथा बंगाली ‘श्रीमोयी’ची, हिंदीत तिचीच ‘अनुपमा’ झाली. अरुंधती डिसेंबर 2019 मध्ये आली तेव्हा डब्यांत आणि पोळ्यांत अडकलेली बाई होती. मग घटस्फोट, गाणं, स्वतःचे पैसे, दुसरं लग्न, वैधव्य. पहिली तीन वर्षं ती भूमिका खरोखर वाढत होती, आणि मधुराणीबाईंचं बोलणं, बसणं, नजर वर करून बघणंसुद्धा तिच्याबरोबर बदलत गेलं. नंतर संकटांना संकटं जोडायला लागले. 2024 मध्ये मालिका दुपारी गेली आणि नोव्हेंबर संपता संपता बंद झाली. माझ्या मते दीड वर्ष उशीर झाला. आमच्या सौ.च्या मते मी दुपारी झोपतो म्हणून मला तसं वाटतं.

आता एसीपी. शिवाजी साटम बँकेत नोकरी करत नाटकं करणारे गृहस्थ. मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ मुळे मराठी घरांना ते पोलिसाच्या वेषात आधीच ठाऊक होते. 1998 मध्ये बी. पी. सिंगांची ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा ते अठ्ठेचाळिशीच्या आसपास. 2018 मध्ये ती थांबली तेव्हा अडुसष्ट. वीस वर्षं, दीड हजारांहून जास्त भाग आणि बढती शून्य! आपल्याकडे अठ्ठावन्न झाली की कंपनी शाल-श्रीफळ देऊन फाटकाबाहेर सोडते, साहेबांना ना डीसीपी केलं ना निवृत्त. 2004 मध्ये 111 मिनिटांचा अख्खा भाग त्यांच्या चमूनं एकही कट न घेता केला. नाटकाच्या तालमीत घासलेल्या माणसांनाच असलं जमतं. या मधल्या काळात ‘वास्तव’ मधला बाप, ‘उत्तरायण’ मधला एकटा पडलेला उतारवयातला माणूस, ‘दे धक्का’ मधले आजोबा हेही साटमांनीच केले. ‘उत्तरायण’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा, मग कळेल की या माणसाकडे हात फिरवत ‘काहीतरी गडबड आहे’ म्हणण्यापलीकडे किती होतं. माझी तक्रार एवढीच की असे ‘उत्तरायण’ आणखी चार-पाच व्हायला हवे होते. सीआयडीनं ते खाल्ले का? थोडे खाल्ले. पण ते झाले असते तर इतक्या लोकांनी बघितले असते का, हेही विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचंय, कारण तिकीट काढणारे आपण.

डिसेंबर 2023 मध्ये फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस गेले. वर्षभरानं, डिसेंबर 2024 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, फ्रेडीशिवाय. साटम तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. एप्रिल 2025 मध्ये कथेत एसीपी प्रद्युम्नचा बॉम्बस्फोटात मृत्यू दाखवला, पार्थ समथान नवा एसीपी म्हणून आला. लोकांनी आकाशपाताळ एक केलं. काही दिवसांनी साहेब परत! मेलेला माणूस प्रेक्षकांच्या आग्रहाखातर उठून बसला. आमच्या घरात यावर दोन तट पडले. माझं म्हणणं, 2018 ला सन्मानानं संपलं होतं, तिथेच राहू द्यायचं. मुलाचं म्हणणं, बाबा, तुम्ही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आठवड्यातून दोनदा पिपरियाला जुन्या कंपनीत चक्कर मारता, ते कशाला?

नातू या भांडणात नसतो. तो मोबाईलवर सीआयडीचे जुने भाग लावतो, कुठलाही, कसाही. एकात साहेबांचे केस काळे, पुढच्यात पांढरे, त्याच्या पुढच्यात परत काळे. त्याला त्यात काही खटकत नाही. परवा मी त्याला विचारलं, अरे, हे आजोबा किती वर्षं पोलिसात आहेत? तो म्हणाला, ‘रोजच असतात,’ आणि पुढचा भाग लावला.